कुठाय डाग?

आमच्या घरात डाग टिकत नाही. कौतुकानं सांगत नाहीये मी, वैतागून सांगतेय. पुढे लाँड्री, मागे आम्ही, आणि मधे एक दार, तेही कायम उघडं, कारण वाफेनं फुगल्यापासून ते लागतच नाही. हॉटेलांच्या चादरी, टेबलक्लॉथ, दवाखान्यांचे पडदे, लोकांचे लग्नातले कपडे, सगळं मळून येतं आणि कोरं होऊन जातं. जेवताना नवऱ्याच्या शर्टावर थेंब पडला तर घास तोंडात असतानाच त्याचा हात एप्रनच्या खिशात जातो. तिथे डागावर मारायच्या औषधाचा छोटा फवारा असतो. माणसं खिशात पेन ठेवतात, आमचा हा फवारा ठेवतो.

सासूबाई त्याच्या वरताण. मी त्यांना आई म्हणते आणि गिऱ्हाइकं 'डागवाल्या बाई' म्हणतात, त्याचं त्यांना मुळीच वाईट वाटत नाही. मशीनमध्ये जो डाग जात नाही तो खिडकीखालच्या त्यांच्या टेबलावर येतो. त्यांचा एक नियम आहे. डाग कशाचा ते गिऱ्हाइकाला विचारायचं नाही, कळलं तरी सांगायचं नाही, आणि एकदा गेला की पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही. कॉलरवर कोणाच्या ओठांचा रंग होता, अभ्र्यावर रक्त कुठून आलं, कोणाचं अंथरूण ओलं होतं, सगळं त्यांना कळतं आणि त्यांच्या पोटात राहतं. लग्न होऊन आले तेव्हा मला हे फार सभ्य वाटलं होतं. अजून वाटतं, फक्त आता सांगताना दात आवळले जातात.

तर अशा घरात आमची ठकू जन्मली आणि तिला उलट्या व्हायला लागल्या.

आता बाळं दूध काढतात, हे मलाही माहीत आहे. मी काही आभाळातून पडले नव्हते. पण ठकूचं वेगळंच होतं. चार दिवस नीट प्यायची, अंगाला लागतंय असं वाटायचं, आणि मग पाचव्या दिवशी पाय पोटाशी घेऊन असं रडायची की शेजारचा चावीवाला दुकान सोडून बघायला यायचा. त्यानंतर उलटी. आणि ती उलटी हिरवी असायची. दुधासारखी पांढरी नाही, दह्यासारखी फाटलेली नाही. हिरवी. मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती, पहिल्यांदा ती इतकीशी असताना, दिवसाउजेडी, खिडकीत उभी राहून. मी हाक मारली, "अहो आई, हे बघा काय." आई आल्या, माझ्या खांद्यावरचं कापड उचललं आणि गेल्या. मी ठकूचं तोंड पुसून मागे जाईपर्यंत ते पिळून दोरीवर वाळत होतं.

मी म्हणाले, हिरवी होती ना? आईंनी ते कापड दोरीवरून काढलं, दोन्ही हातांनी माझ्यासमोर ताणून धरलं आणि शांतपणे विचारलं, "कुठाय डाग?"

पुढचे दोन महिने मी हे एवढंच ऐकलं. माझं डोकं फिरायचं राहिलं हेच नशीब.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, इथल्या ट्यूबलाइटमध्ये सगळंच हिरवट दिसतं, तूही दिसतेस. ही त्याची विनोदाची पद्धत. तो वाईट नाही हो, पण त्याचं सगळं लक्ष त्या मोठ्या हॉटेलच्या कामात होतं. नवं गिऱ्हाईक होतं, त्यांच्या चादरींवर सुरकुती दिसली तरी गठ्ठा परत येत होता. रोज संध्याकाळी तो ठकूला खांद्यावर घेऊन पाठ थोपटायचा, तिनं ढेकर दिला की जग जिंकल्यासारखा माझ्याकडे बघायचा. मला त्याचा रागही यायचा आणि दयाही यायची, आणि दोन्ही एकदम आलं की माणूस फार थकतो.

आमचे बालरोगतज्ज्ञ चांगले आहेत असं सगळे म्हणतात. मीही म्हणते, कारण दुसरं काही म्हणायची सोय नाही. त्यांनी ठकूचं पोट दाबून बघितलं, तर त्या दिवशी ते मऊ होतं. त्यांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. ही अन्ननलिका, ही पिशवी म्हणजे जठर, आणि मधे हे झाकण. लहान बाळांचं झाकण ढिलं असतं. मग दूध आम्लासकट वर येतं, घशाला जळजळ होते, बाळ रडतं, अंग वाकडं करतं. याला ॲसिड रिफ्लक्स म्हणतात, पुष्कळ बाळांना असतो, बसायला लागलं की आपोआप कमी होतो. पाजल्यावर अर्धा तास उभं धरा, थोडं थोडं पाजा, आणि हे थेंब द्या. सगळं खरंच होतं. माझ्या बहिणीच्या मुलाला हेच होतं आणि तो आता शाळेत दोघांना पुरून उरतो.

मी म्हटलं, डॉक्टर, पण उलटी हिरवी असते.

ते थांबले. तेवढं श्रेय मी त्यांना देईन. पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, हिरवी की पिवळी? मी म्हटलं हिरवी. त्याच वेळी बाजूला बसलेला माझा नवरा म्हणाला, पिवळसर. त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि म्हणाले, कापड आणलंय का?

आणलं होतं ना. त्याच पहाटेच्या उलटीची, पिशवीभर आणली होती. मी पिशवी टेबलावर ठेवली, त्यांनी उघडली, आणि आतून निघाली पांढरीशुभ्र, कडक इस्त्रीची, कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घातलेली ठकूची कापडं. मी घरून निघताना घाईघाईत जी भरली होती ती ही नव्हती. माझी पाठ वळल्यावर कोणीतरी बदलली होती, आणि ते कोणीतरी कोण हे सांगायला ज्योतिषी नको. डॉक्टर हसले. म्हणाले, इतकी स्वच्छ कापडं मी आजवर बघितली नाहीत. मग म्हणाले की खरोखर गडद हिरवी असेल तर ती गोष्ट वेगळी, मग थांबायचं नाही, मला ताबडतोब दाखवा. आणि थेंब लिहून दिले.

दाखवा म्हणे. म्हणजे पोरीच्या आईच्या डोळ्यांवर भरवसा नाही, कापडावर आहे. बरं, कापड तर कापड. मी कंबर कसली.

पहिल्या खेपेला मी फोटो काढायचं ठरवलं. ठकूला उलटी झाली, पुन्हा तशीच, मी तिला नवऱ्याच्या हातात दिलं आणि मोबाइल शोधायला धावले. मोबाइल गादीखाली होता. तो घेऊन परत येते तर नवऱ्यानं एका हातात ठकू धरलेली आणि दुसऱ्या हातानं कापडावर फवारा मारलेला. डाग फसफसून पांढरा पडत होता. तो म्हणाला, अगं हात आपोआप गेला. मला ते खरं वाटलं, आणि त्याचीच जास्त चीड आली. फोटो मी तरीही काढला. डॉक्टरांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं की यात फेस दिसतोय, आणि मोबाइलमध्ये रंगांची खात्री देता येत नाही, थेंब चालू ठेवा.

दुसऱ्या खेपेला मी शहाणी झाले. कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, तोंड बांधलं आणि पाळण्याखाली, जुन्या सुटकेसच्या मागे सरकवलं. सकाळी उघड्या दारातून दवाखान्यात जायचं, कोणाला विचारायचं नाही. अंघोळ करून आले तर माझ्या उशीवर ते कापड होतं. धुतलेलं, निळीतून काढलेलं, इस्त्री केलेलं. वर पिशवीचीसुद्धा घडी.

त्या दिवशी मी आईंशी भांडले. भांडले म्हणजे मीच बोलत होते, त्या टेबलावरचा कोट घासत होत्या. मी म्हटलं, तुम्हाला माझी पोर प्यारी की तुमचा पांढरेपणा प्यारा? मी म्हटलं, मी काय वेडी आहे, मला रंग कळत नाहीत? आईंनी कोट उलटा केला, आतून बघितला, पुन्हा सुलटा केला. मग म्हणाल्या, तू जरा पालेभाज्या कमी खा, पाणी जास्त पी, आणि चारचौघांत हे बोलत जाऊ नकोस. आणि पुन्हा कोटाला लागल्या. मी तिथून निघून गेले, नाहीतर वाफेची इस्त्री कुठेतरी फेकली असती.

वजनकाट्यावर ठकू तेवढीच राहत होती. मी तिला पाजायची, उभी धरायची, थेंब द्यायची, आणि डोळ्यात तेल घालून बघत बसायची की आता येते का, आता येते का. कोणी भेटायला आलं की मला एक नवीन उपाय देऊन जायचं. एकीनं सांगितलं पोटावर निजव, दुसरीनं सांगितलं पोटावर मुळीच निजवू नकोस. इस्त्रीवाल्या काकांचं म्हणणं होतं की बाळाला आईची काळजी लागते, तू हसत जा. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं कोणाचं! मी हसत गेले असते तर पहिल्यांदा त्यांच्याच तोंडावर हसले असते.

मग तो शनिवार. मोठ्या हॉटेलात लग्न होतं आणि दुपारच्या आत सगळे टेबलक्लॉथ पोचवायचे होते. दारात गाडी उभी, मागचं फाळकं उघडं, नवरा गठ्ठे चढवतोय. ठकूनं सकाळपासून दुधाला तोंड लावलं नव्हतं. रडतही नव्हती नीट, नुसती कण्हत होती, आणि ते मला तिच्या रडण्यापेक्षा वाईट वाटत होतं. तिच्या पोटाला हात लावला तर फुगून टणक झालेलं. ओठांचा रंग उतरला होता. मग एकदम उसळून उलटी आली, माझ्या हातातल्या कापडावर, आणि या वेळी ती शेवाळासारखी गडद हिरवी होती.

आई टेबलावरून उठून आल्याच. दुरूनच त्यांनी हात पुढे केला, रोजच्यासारखा, तळहात वर. म्हणाल्या, दे इकडे.

मी कापड छातीशी धरलं. ब्लाउज भिजलं, भिजू दे म्हटलं. "आई, या कापडाला हात लावलात तर तुमचं माझं नातं संपलं," मी म्हणाले. आवाज चढवलाच नाही, चढवायला अंगात जोरच नव्हता. त्यांचा हात तसाच राहिला. मी तशीच उघड्या दारातून दुकानात, दुकानातून रस्त्यावर गेले आणि ठकूला घेऊन गाडीत पुढच्या सीटवर बसले.

नवरा म्हणाला, अगं गठ्ठे. मी म्हटलं, मोठ्या हॉस्पिटलला चल. तो म्हणाला, गुरुवारी आपली तारीख आहे ना डॉक्टरांकडे. मी त्याला फक्त ठकूचं तोंड दाखवलं. त्यानं फाळकं लावलंसुद्धा नाही. गाडी सुटताना माझ्या बाजूचं दार उघडलं आणि आई ओल्या हातांनी चढून माझ्याशेजारी बसल्या. कोणी बोलावलं नव्हतं. रस्ताभर त्या माझ्या हातातल्या कापडाकडे बघत होत्या, पण हात मांडीवर घट्ट धरून ठेवलेले. मागे वळणावळणावर गठ्ठे घरंगळत होते, एक पडलाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा नवरा पडलेल्या कापडासाठी थांबला नाही.

हॉस्पिटलात तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर होता. त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, पण मला त्या वेळी कोणाची कीव करायला फुरसत नव्हती. त्यानं आधी आमची फाइल मागितली. फाइलवर पहिल्याच पानावर लिहिलेलं, रिफ्लक्स. झालं. तो विचारायला लागला, पाजल्यावर उभं धरता का, ढेकर काढता का, थेंब वेळेवर देता का. ठकूकडे नंतर बघू, आधी फाइल. मी दोन प्रश्नांची उत्तरं दिली. तिसऱ्याला मी ते कापड उलगडलं आणि त्याच्या टेबलावर, त्याच्या कागदांवर पसरलं.

तो म्हणाला, अहो मॅडम, इथे नका ठेवू. मग त्यानं खाली बघितलं.

"ही हिच्या पोटातून आली?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, नाही, माझ्या. आणि मग मला रडू फुटलं, म्हणून पुढचं मला तुकड्यातुकड्यानंच आठवतं. तो उठला, खुर्ची मागे पडली. दोन सिस्टर आल्या. कोणीतरी ठकूला माझ्याकडून घेतलं. नाकातून नळी घातली, तर नळीतून बाटलीत तेच हिरवं उतरलं, आता सगळ्यांसमोर, काचेतून, बघा म्हणावं हवं तेवढं. हाताला सुई, पोटावर सोनोग्राफीचं यंत्र. दोन महिने ज्यांच्यामागे मी हात धुवून लागले होते ती डॉक्टर जमात आता माझ्यापुढे धावत होती, आणि मला बरं वाटायच्या ऐवजी असा संताप आला की सांगता सोय नाही. आत्ता धावताय? माझ्या तोंडून ऐकलं तेव्हा चालतसुद्धा नव्हतात.

सर्जन बाई होत्या. ठेंगण्या, केस टोपीत खोचलेले, बोलणं सरळ. व्हरांड्यातच उभ्या राहून त्यांनी आम्हाला तिघांना सांगितलं. बाळ पोटात असताना आतडी एक वळण घेतात आणि ठरल्या जागी पक्की बसतात. हिची तशी बसलीच नाहीत. जन्मापासूनच. सगळी आतडी एका अरुंद देठावर लोंबकळत राहिली आहेत. कधी त्यांना पीळ बसतो, तेव्हा खाली वाट बंद होते आणि पित्त वर येतं, म्हणून हिरवी उलटी. कधी पीळ आपोआप सुटतो, मग बाळ चार दिवस बरं असतं. आज तो सुटलेला नाही. रक्त पोचत नाहीये. पोट आत्ताच उघडावं लागेल.

मी विचारलं, वाचेल ना?

त्या म्हणाल्या, आतडं किती जिवंत आहे त्यावर आहे. मग त्यांनी विचारलं, "हिरवी उलटी पहिल्यांदा कधी झाली होती? किती वेळा? मला नेमकं सांगा."

मी तोंड उघडलं, पण त्याआधीच नवरा म्हणाला, बहुतेक एकदोनदा, आम्हाला नीटसं... आणि मी त्याच्यावर खेकसणार तेवढ्यात मागून आईंचा आवाज आला.

"जन्मल्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून," आई म्हणाल्या. "नऊ वेळा. पहिल्या फिकट होत्या, शेवटच्या तीन गडद. मीच धुतल्यात सगळ्या. दुधाचा डाग गार पाण्यात सुटतो, हा सुटत नव्हता. हिरवाच होता. माझी सून पहिल्यापासून खरं बोलत होती."

सर्जन बाईंनी मान हलवली आणि दारातून आत गेल्या. नवरा भिंतीला टेकून खाली बसला. मी आईंकडे बघत राहिले. नऊ वेळा. मला चारच माहीत होत्या. बाकीच्या मी झोपलेली असताना, अंघोळीला गेलेली असताना त्यांनी पुसून, धुवून, वाळवून, इस्त्री करून ठेवून दिल्या होत्या.

व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या होत्या, एक हलली की सगळ्या हलत. आई एका टोकाला, मी दुसऱ्या. मग मीच विचारलं, का? तुम्ही बघत होतात, तुम्हाला कळत होतं, आणि मला घरात वेडी ठरवलंत. का, आई?

त्यांनी पदरानं हात पुसले. कोरडेच होते. म्हणाल्या, "मला वाटलं तुझ्या दुधातून उतरतंय. बाईच्या दुधाला नावं ठेवायला लोकांना किती वेळ लागतो? माझ्या थोरल्याच्या वेळी मला ठेवली होती. तो गेला तेव्हा सगळे म्हणाले, हिचंच दूध नासकं. म्हटलं, तुला तो बोल लागू द्यायचा नाही. कोणाला दिसायलाच नको. डॉक्टरलासुद्धा."

नवऱ्याच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता आणि तान्हेपणीच गेला होता, एवढं मला ठाऊक होतं. कशानं गेला ते कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, त्यालाही अशीच...? समोरच्या बंद दाराकडे बघत त्या नुसती मान हलवत राहिल्या, हो म्हणून की नाही म्हणून ते मला समजलं नाही, आणि पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही.

मला काय करावं ते कळेना. खरं सांगते, त्या माझ्याशी दुष्टपणानं वागल्या असत्या तर फार सोपं झालं असतं. आयुष्यभर पुरेल एवढं भांडण माझ्याकडे तयार होतं, शब्द जुळवून ठेवलेले होते. दोन महिने ते मी रोज रात्री मनात घोळवत होते. आणि आता समोर ही बाई, जिनं मला वाचवायच्या नादात माझी पोर जवळजवळ घालवली होती. हिला काय बोलणार? न बोलून राग जाणार कुठे? मी उठले आणि त्या जोडलेल्या खुर्च्यांना एक लाथ मारली. आईंसकट सगळ्या हलल्या.

सर्जन बाई बाहेर आल्या तेव्हा टोपी हातात होती. पीळ सोडवला होता. आतडं काळंनिळं पडलेलं, त्यांनी ते गरम पाण्यातल्या कापडांत गुंडाळून ठेवलं आणि वाट बघितली. बहुतेक सगळ्याला रंग परत आला. वीतभर आला नाही, तेवढं कापून काढावं लागलं. बाकीचं पुन्हा पिळू नये असं नीट मांडून ठेवलंय. "आजची रात्र घरी काढली असतीत तर मला काही करता आलं नसतं," त्या म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. नवरा व्हरांड्यात सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडला. मी रडले नाही. माझं डोकं त्या वीतभरावरच अडकलं होतं. वीतभर म्हणजे केवढं? त्या पोरीचा पायच वीतभर होता.

मग आला उपास. आतडं सांधलेलं, त्याला विश्रांती हवी, म्हणून तोंडानं काही नाही, सगळं शिरेतून. नाकातल्या नळीचं पाणी स्वच्छ येईपर्यंत थांबायचं. माझा पान्हा आटत नव्हता, दुधानं छाती दगड झालेली, आणि काचेपलीकडे माझी पोर कोरड्या तोंडानं झोपलेली. सिस्टर म्हणायची, आज नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा, आज नाही. मी तिच्यावर चिडायची, ती माझ्यावर चिडायची नाही, त्यामुळे मी आणखी चिडायची. आई रोज डबा घेऊन यायच्या, माझ्यासमोर ठेवायच्या आणि लांब जाऊन बसायच्या. मी डबा खायची. त्यांच्याशी बोलत मात्र नव्हते. बोलायला गेलं की त्यांचा तो थोरला मधे यायचा, आणि मग गिळलेला घास वर यायचा.

पाचव्या की सहाव्या दिवशी सिस्टरनं माझं काढलेलं दूध एका बारीक सिरिंजमध्ये भरलं. चमचाभरही नव्हतं. म्हणाली, आधी एवढंच, राहतंय का बघू. ठकूला माझ्या हातात दिलं. मी ते दूध थेंबाथेंबानं तिच्या ओठांत सोडलं. तिनं ते घेतलं. आणि मग मी तिला उभी धरून वाट बघत बसले, श्वास रोखून. मान ताठ झाली, हात भरून आला, डोळ्यांसमोर सारखं ते हिरवं येत होतं. नवरा पायाशी उभा, त्याचे दोन्ही हात पँटच्या खिशात कोंबलेले. आई दारात होत्या, आत येऊ की नको अशा. मीच मानेनं त्यांना आत या म्हटलं. माफ केलं म्हणून नाही. मला एकटीला ते बघवत नव्हतं म्हणून.

त्या आल्या आणि माझ्या खांद्याशी उभ्या राहिल्या. आम्ही तिघंही त्या इवल्याशा तोंडाकडे बघत होतो. ते उघडलं.

काही आलं नाही. ठकूनं तोंड इकडे वळवलं, तिकडे वळवलं, माझ्या हाताला चोखून बघितलं, तिथे काही मिळेना तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला आणि ती ओरडायला लागली. पाय पोटाशी न घेता, मुठी वळून, माझ्याकडेच बघून. असं रडणं मी तिचं कधी ऐकलं नव्हतं.

नवरा घाबरून सिस्टरला हाक मारायला निघाला. आईंनी त्याचा दंड धरला.

"दुखत नाहीये तिला," आई म्हणाल्या. "भूक लागलीय."

सिस्टर दारातून म्हणाली, आता दोन तास काही नाही. मी ठकूला छातीशी धरलं, तिनं माझ्या गाऊनला तोंड लावलं, ओढलं, चिडली आणि आणखी जोरात ओरडली. बाई गं, थांब की जरा, मी म्हणाले. ती थांबली नाही.